मुक्काम कोची, मुन्नार नाही

नाशिकमधल्या कुठल्याही टूरवाल्याचं केरळचं पत्रक उघडून बघा. पहिल्या दिवशी सकाळी ‘कोचीन साइटसीइंग’, दुपारी मुन्नारकडे प्रस्थान. म्हणजे चिनी जाळ्यांपुढे एक फोटो, एक चर्च, एक सिनेगॉग, अर्धा तास मसाल्याच्या दुकानात, आणि कोचीन संपलं. तसं जाऊन आलेले शेजारी आम्हालाही बजावत होते, “तिथे काय आहे हो? उकाडा आणि डास.” दोन्ही आहेत, नाही कसे. पण डोंगरावर पळायच्या घाईत लोक जे शहर अर्ध्या दिवसात उरकतात, त्यातच मुक्काम ठोकायचा असं आम्ही ठरवलं आणि ते चांगलंच झालं.

खरं कारण सासूबाई. त्यांना घाट लागतो. कसारा उतरतानाही आलेपाकाची वडी पदराला बांधून बसतात, मग मुन्नारची वळणं कुठली झेपायला? दुसरं कारण मंगला एक्सप्रेस. दिल्लीहून येणारी ही गाडी नाशिकरोडला थांबते, पनवेलवरून कोकण रेल्वेला लागते आणि थेट एर्नाकुलमला नेऊन सोडते. मुंबईला जा, गाडी बदला, हमाल बघा, काही नाही. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई.

मंगळवार

नाशिकरोडला गाडी अंधारातच आली. जानेवारीची थंडी, फलाटावर सगळे कानटोप्यांत. बर्थवर पडलो ते उजाडल्यावर उठलो, तेव्हा कोकण सुरू झालं होतं.

रोह्यापासून पुढची ही रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. तेवढा वेळ लेकीच्या मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे आमच्याशी चार शब्द बोलणं झालं. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा नेला होता. तरी दर स्टेशनावर वडापाव घ्यायचा नवऱ्याचा नेम काही चुकला नाही.

सासूबाई मूळच्या मालवणच्या. लग्न करून नाशिकला आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली. एरवी त्यांचं बोलणं अगदी पंचवटीतलं, पण गाडी कणकवली ओलांडते न ओलांडते तोच भाषा बदलली. कुडाळ जवळ आलं तेव्हा दारापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “हयच उतरूया मा?” नवऱ्याने हाताला धरून परत आणून बसवलं. रात्री कर्नाटक कधी सरलं ते कळलं नाही.

बुधवार

एर्नाकुलमला उतरलो तेव्हा सगळ्यांच्या हातात स्वेटर होते आणि पाठीवरून घाम वाहत होता. निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या वाचत निघालेल्या माणसाला हा बदल पचायला एक दिवस लागतो. तेवढा वेळ हाताशी ठेवा.

कोची समजायला आधी नकाशा समजावा लागतो. रेल्वे येते ते एर्नाकुलम मुख्य जमिनीवर. खाडीपलीकडे, समुद्राच्या तोंडाशी फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टनचेरी. दोन्हींच्या मध्ये विलिंग्डन बेट. उत्तरेकडे वैपिन, वल्लारपाडम, बोळगट्टी अशी बेटं. रिक्षाने फोर्ट कोचीला जायचं तर पुलांवरून मोठा वळसा पडतो. स्टेशनाबाहेरचे रिक्षावाले तोच सांगतात. तुम्ही मात्र बोट जेट्टीवर जा. तिथून राज्य सरकारच्या जलवाहतूक खात्याची बोट मिळते आणि तिचं तिकीट आपल्याकडच्या टपरीवरच्या चहापेक्षा स्वस्त आहे. ऑफिसला जाणाऱ्या बायका, मोबाइलमध्ये डोकं घातलेली पोरं, भाजीच्या पिशव्या, सगळं त्याच बोटीत. पर्यटक म्हणून आम्हीच तेवढे बॅगा सांभाळत उभे.

बोट सुटली की डावीकडे विलिंग्डन बेट आणि बंदर, उजवीकडे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या उंच क्रेन. नवरा पाटबंधारे खात्यातला, त्यामुळे त्याला इथेच पहिलं घबाड सापडलं. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, त्यात मुझिरिस हे जुनं बंदर गाळाने भरलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं, असं मानतात. तरीही त्या तोंडाशी वाळूचा बांध होताच, मोठी जहाजं बाहेरच उभी राहत. १९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनियर इथे आला, त्याने तो बांध कापून काढला, खाडी खोल केली आणि उपसलेल्या गाळाचंच बेट बांधलं. तेच हे विलिंग्डन. पुढे त्यावर गोद्या आल्या, रेल्वे आली, नौदल आलं. “आणि आमच्या गंगापूर धरणातला गाळ काढायचा म्हटलं की फायली फिरतात,” नवऱ्याने उसासा टाकला. वीसेक मिनिटांत बोट पलीकडे लागली.

राहायला फोर्ट कोचीतला एक होमस्टे घेतला होता. इथे जुन्या घरांतून असे पुष्कळ आहेत. एर्नाकुलमच्या हॉटेलांपेक्षा मी हेच सुचवीन, कारण पहाट आणि संध्याकाळ या दोन वेळा फोर्ट कोचीच्या आहेत आणि त्या वेळी तिथेच असायला हवं. दुपारी जेवायला खानावळीत गेलो. लालसर मट्टा तांदळाचा भात, बांगड्याचं तिखट कालवण, खोबरं घातलेली कोबीची भाजी, ताक, पापड. आणि पेल्यात गुलाबी कोमट पाणी! सासूबाईंनी पेला बाजूला सारला. पतिमुगम नावाच्या झाडाचं लाकूड घालून उकळलेलं पाणी असतं ते, औषधी मानतात. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच मागून घ्यायला लागल्या.

ऊन उतरल्यावर चिनी जाळी बघायला गेलो. फोटोत ती नाजूक दिसतात, जवळून बघितली तर चांगली दांडगी यंत्रं आहेत. सागवानी खांब, बांबूचे लांब हात, त्यांच्या टोकांना ताणलेलं जाळं, आणि मागच्या बाजूला दोरांना एकाखाली एक बांधलेले मोठाले दगड. हे दगडच सगळा तोल राखतात. एक जण पुढच्या खांबावर चालत जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं थांबायचं, मग चार-पाच जणांनी मागचे दोर ओढायचे. एकेक दगड खाली टेकतो तसतसं जाळं वर येतं. ही रचना चीनमधून थेट आली की पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली, यावर मतभेद आहेत. हाती लागतं ते फारसं नाही. आमच्यासमोर आलेल्या जाळ्यात मूठभर मासळी, एक खेकडा आणि ढीगभर पाणवेली होत्या. गोदावरीतल्या त्याच त्या पाणवेली! रामकुंडाच्या खालच्या अंगाला दर वर्षी यंत्र लावून काढतात ना, त्याच. इथे त्या खाड्यांतून वाहत येतात आणि जाळ्यांत अडकतात. कोळ्यांचा निम्मा वेळ त्या सोडवण्यातच जातो.

“ओढता का?” असं विचारून ते पर्यटकांना दोर हातात देतात. नंतर पैसे अपेक्षित असतात. द्यावेत, त्यात फसवणूक मानू नये. मासळीपेक्षा त्यावरच त्यांचं भागत असणार, असं मला वाटलं. इथल्या किनाऱ्यावर पोहायचा विचार मात्र करू नका. काठ दगडी आहे, पाणी गढूळ आहे. फिरायला मात्र झकास. खाडीच्या तोंडाशी डॉल्फिनच्या पाठी वर येताना दिसल्या, त्याही किनाऱ्यावरून, बोटीचं वेगळं तिकीट न काढता.

गुरुवार

मट्टनचेरी गुरुवारीच करायचं हे आधी ठरवून घेतलं होतं. तिथला राजवाडा शुक्रवारी बंद असतो, आणि सिनेगॉग शुक्रवारी दुपारपासून शनिवार संपेपर्यंत. गल्लीत जाऊन बंद दारावरची पाटी वाचणारे पर्यटक आम्हाला नंतर भेटले.

सकाळी आधी सेंट फ्रान्सिस चर्च. भारतात युरोपियनांनी बांधलेलं सगळ्यांत जुनं चर्च हे. १५०३ साली लाकडी, मग १५१६ मध्ये दगडी झालं. वास्को द गामा तिसऱ्या खेपेला भारतात आला आणि १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच वारला. त्याला इथे पुरलं, पुढे १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. आता कठडा घातलेली फरशी तेवढी आहे. गर्दी सगळी त्या फरशीभोवती. मला आवडले ते वरचे पंखे: आडव्या दांड्याला टांगलेलं कापड आणि त्याचा दोर भिंतीतून बाहेर. बाहेर बसून एक माणूस दोर ओढणार आणि आत साहेबलोकांना वारा. विजेच्या आधीचा हा सगळा कारभार अजून टांगलेला आहे.

तिथून रिक्षाने मट्टनचेरीचा राजवाडा. त्याला डच पॅलेस म्हणतात, बांधला मात्र पोर्तुगीजांनी. १५५५ च्या सुमाराला कोचीच्या राजाला भेट म्हणून दिला. डचांनी १६६३ नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. बाहेरून पाहाल तर साधा, बसका, कौलारू वाडा. राजस्थानचे महाल पाहिलेल्यांची निराशा होईल. पण आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर आख्खं रामायण रंगवलंय, दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून अयोध्येला परत येण्यापर्यंत. भिंतीवर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. पिवळा, तांबडा, हिरवा असे दाट रंग, भरीव देह, मोठे डोळे, आणि एका प्रसंगाच्या काठातून दुसरा प्रसंग सुरू होतो. पंचवटीत घर असलेल्या माणसाने या भिंतीवर पंचवटी शोधणं क्रमप्राप्त होतं. लेक आणि सासूबाई दोघी नाक कापलेली शूर्पणखा शोधत फिरत होत्या, तेवढ्यात मागून शाळेची सहल आली आणि रखवालदाराने सगळ्यांना पुढे काढलं. फोटो काढू देत नाहीत, तेव्हा डोळ्यांनीच बघून घ्या आणि सकाळी लवकर जा.

राजवाड्यापासून सिनेगॉग चालत पाच मिनिटांवर. १५६८ सालचं. आपल्याकडे कोकणातले बेने इस्राएल, ‘शनवार तेली’, आपल्याला माहीत असतात. इथल्या ज्यूंचा इतिहास वेगळा, आणि हे सिनेगॉग बाहेरून नंतर आलेल्यांचं, म्हणून ‘परदेशी’. आत चपला काढून जायचं. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, प्रत्येक हाताने रंगवलेली, एकीसारखी दुसरी नाही. छताला काचेची झुंबरं. दाराशी १७६० सालचा घड्याळाचा मनोरा. इस्राएल झाल्यावर इथली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आता गल्लीत राहिल्यात त्या काश्मिरी शालींच्या आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांच्या रांगा. त्या दुकानांतली ‘जुनी’ पितळी होकायंत्रं कोऱ्या खोक्यातून निघताना मी पाहिली आहेत. सुंठ, मिरी, वेलची यांची वखारं मात्र अस्सल. बझार रोडवरून चालताना तो वास नाकात बसतो. सुट्टा मसाला घ्यायचा तर या पर्यटकी गल्लीत नको, पुढे सांगते.

आता खरी गंमत. मट्टनचेरीत चेरलाई नावाचा भाग आहे. तिथल्या गौड सारस्वतांचे पूर्वज सोळाव्या शतकात गोव्यातून आले, पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या जाचापासून पळून. कोचीच्या राजाने त्यांना जागा दिली. त्यांचं तिरुमल देवाचं मोठं देऊळ आहे आणि घरात अजून कोकणी बोलतात. एकाच शतकात तेच पोर्तुगीज गोव्यात यांची देवळं पाडत होते आणि इथे राजाला वाडा बांधून देत होते. व्यापाराला मिरी हवी होती, म्हणून राजाशी गोडी.

देवळाच्या बाजूच्या एका दुकानात सासूबाई पापड बघत होत्या. दुकानदार घरातल्या कुणाशी तरी काहीतरी बोलला आणि सासूबाईंचे कान टवकारले. मल्याळममधून एकदम ओळखीचं क्रियापद निघालं. त्यांनी सरळ मालवणीत विचारलं, “तुमी खयचे?” तो चपापला, मग हसला आणि कोकणीत सुरू झाला. त्याच्या बोलण्यात मल्याळी हेल, शब्दांची शेवटची टोकं वेगळी, आम्हाला पाचातला एक शब्द कळत होता. सासूबाईंना पाचातले तीन. नारळाचे भाव, मासळीचे भाव, मुलं कुठे असतात, गुडघे कसे आहेत, सगळं बोलून झालं. नाशिक म्हटल्यावर त्याने हात जोडून “त्र्यंबकेश्वर” म्हटलं. पापडांचे पैसे घेईना. शेवटी घेतले, पण वर लोणच्याची पुडी दिली.

या कोकणी मंडळींची एक गोष्ट मला फार वर्षांपासून आवडते. सतराव्या शतकात हेंड्रिक व्हान रीड या डच गव्हर्नरने मलबारातल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य होते, आणि त्या तिघांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेला कोकणी मजकूर त्या लॅटिन ग्रंथात जसाच्या तसा छापलेला आहे. चेरलाईच्या गल्ल्यांत या वैद्यांची आठवण सांगणारी ठळक पाटी मला दिसली नाही. वास्कोच्या रिकाम्या थडग्याला मात्र कठडा आहे.

संध्याकाळी कथकली. फोर्ट कोचीत रोज तासाभराचे प्रयोग होतात. तिकीट काढलंत की प्रयोगाच्या वेळी पोचू नका, रंगभूषा सुरू होते तेव्हाच जाऊन बसा. नट जमिनीवर आडवा पडतो आणि रंगारी तांदळाची पेस्ट आणि कागद लावून त्याच्या गालांभोवती पांढरी कड उभारतो. हिरवा चेहरा म्हणजे राजा, नायक, देव. हिरव्यात तांबडी धार आली की रावणासारखा गर्विष्ठ. डोळे लाल दिसावेत म्हणून पापणीखाली एक बारीक बी ठेवतात. सासूबाईंचं बालपण दशावतारात गेलेलं. त्या म्हणाल्या, आमचे दशावतारी आपला चेहरा आपणच रंगवतात आणि वर दोन तास बोलतात. इथे नट बोलत नाही, गाणारे मागे उभे राहून गातात आणि तो भुवया, डोळे, बोटं यांतून सांगतो. पर्यटकांसाठी आधी इंग्रजीत मुद्रा समजावून देतात, ते ठीक. पण खरा कथकली देवळात रात्रभर चालतो आणि हा तासाभराचा तुकडा पाहून त्याची कल्पना येत नाही, एवढं माझं मत. सासूबाईंचं मत: “संकासुर नाय, मगे काय मजा?”

शुक्रवार

कुंबळंगी. फोर्ट कोचीच्या दक्षिणेला, रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासावर खाडीने वेढलेलं गाव. २००३ पासून सरकारने याला पर्यटन-गाव म्हणून पुढे आणलं. अलेप्पीच्या हाउसबोटीचा खर्च आणि गर्दी टाळायची असेल तर इथली बांबूने ढकलायची साधी होडी पुष्कळ आहे. इंजिनाचा आवाज नसल्याने पाणकावळे, खंड्या, बगळे अगदी जवळ बसून राहतात.

होडीवाल्याने आधी काथ्या वळणाऱ्या बायकांकडे नेलं. नारळाची सोडणं महिनोन्महिने खाडीत कुजवतात, मग बडवून काथ्या काढतात. वास येतो, लेकीने नाक धरलं. सासूबाई तोवर चरख्यापाशी बसल्याही होत्या. त्यांनी काढलेला सुंभ तिथल्या बाईने दोनदा ओढून बघितला आणि मान डोलावली.

मग पोक्कळीची शेतं. हे मला आधी नीट माहीत नव्हतं आणि नवऱ्याला तर तिथून हलवावं लागलं. खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत उगवणारं हे भाताचं वाण. जूनमध्ये पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतो, तेव्हा पेरणी. पाणी चढतं तसा भातही उंच होतो. ऑक्टोबरच्या आसपास कापणी, तीही फक्त लोंब्यांची. ताटं तशीच पाण्यात सोडतात. मग बांधाची झडप उघडून भरतीचं खारं पाणी आत घेतात, त्याबरोबर कोळंबीची पिल्लं येतात आणि त्या कुजणाऱ्या ताटांवर पोसतात. एप्रिलपर्यंत कोळंबी, तिची विष्ठा पुढच्या भाताला खत. बाहेरून खत नाही, फवारणी नाही. द्राक्षबागेच्या औषधांची यादी पाठ असलेल्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाने हे ऐकून गप्प बसणंच बरं. आम्ही गेलो तेव्हा कोळंबीचा हंगाम होता, शेतांच्या जागी नुसतं पाणी आणि झडपेपाशी जाळी लावून बसलेली माणसं. मजुरी परवडत नाही म्हणून भात सोडून नुसती कोळंबीच करणारे वाढलेत, असं होडीवाला सांगत होता.

उन्हाळ्याच्या रात्री इथलं पाणी हलवलं की निळं चमकतं. त्याला ‘कवरु’ म्हणतात. ते बघायचं तर मार्च ते मे, मग उकाडा सोसायची तयारी ठेवा.

दुपारी जेवण ‘शाप’मध्ये. म्हणजे माडीचं दुकान. नाव ऐकून बिचकू नका, आता सहकुटुंब लोक जातात, माडीपेक्षा जेवणासाठी. उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, त्यावर लालभडक माशाचं कालवण, आणि केळीच्या पानात मसाला लावून भाजलेला करिमीन. “काळुंदर हो,” सासूबाईंनी पहिल्या घासाला ओळखलं. काटे फार, चव गोडसर. नवऱ्याने माडीचा एक पेला घेतला. सकाळची असती तर गोड लागली असती, दुपारपर्यंत आंबली होती. त्याने पेला संपवला, पण दुसरा मागितला नाही.

शनिवार

हा दिवस समुद्राचा. फोर्ट कोचीहून वैपिनला रो-रो जाते, गाड्या, दुचाक्या, माणसं सगळं एकदम. आपल्या दाभोळ-धोपावेसारखीच, फक्त गर्दी दसपट. चार-पाच मिनिटांत पलीकडे. तिथून बसने चेराई, बेटाच्या उत्तरेकडे तासाभरावर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये रस्ता. पोहण्याजोगा किनारा कोचीकरांना हाच जवळचा. वाळू स्वच्छ, जीवरक्षक होते, शिट्ट्या मारून पोरांना मागे बोलावत होते. शनिवार असल्यामुळे चारनंतर जत्रा झाली. कोकणचे किनारे पाहिलेल्यांना चेराईत नवल वाटणार नाही, तेव्हा वेळ कमी असेल तर हा दिवस कापा, कुंबळंगी कापू नका.

रविवार

त्रिपुनितुराला निघालो ते वॉटर मेट्रोने. एप्रिल २०२३ मध्ये ही सुरू झाली. कोचीच्याच शिपयार्डात बांधलेल्या विजेवरच्या बोटी, वातानुकूलित, आवाज जवळपास नाही. बोट धक्क्याला लागली की फलाटही पाण्याबरोबर वरखाली होतो, त्यामुळे सासूबाईंना पाय उचलावा लागला नाही. हायकोर्टाच्या जेट्टीवर उतरून पुढे मेट्रोने त्रिपुनितुरा, शेवटचं स्टेशन. आमच्या निओ मेट्रोची घोषणा २०२१ च्या अर्थसंकल्पात झाली होती. लेकीने तेव्हा दहावीची तयारी सुरू केली होती. ती आता पदवीला आहे आणि आम्ही द्वारका सर्कलला सिग्नलवर उभे आहोत.

पूर्णत्रयीश देवळात पुरुषांनी शर्ट काढून, मुंडू नेसून जायचं. नवऱ्याने पोट आत ओढत दर्शन घेतलं. मग हिल पॅलेस. कोचीच्या राजघराण्याने १८६५ मध्ये बांधायला घेतलेला, आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या इमारती आणि मोठं आवार. राजमुकुट, नाणी, पालख्या, शस्त्रं आहेत. पाट्या जुन्या आणि त्रोटक आहेत, मला वस्तूंपेक्षा आवारातली झाडं जास्त आवडली. सोमवारी बंद असतं.

दुपारी केळीच्या पानावर सद्या. अवियल, ओलन, काळन, तोरण, सांबार, शेवटी पायसम. वाढपी थांबत नाही, पान मिटेपर्यंत वाढत राहतो. संध्याकाळ मरीन ड्राइव्हवर बसून काढली. खाडीवरून वारा येत होता आणि डासही.

सोमवार

गाडी दुपारची, म्हणून सकाळी एर्नाकुलमच्या ब्रॉडवेवर. मसाला घ्यायचा तो इथे. आपल्या रविवार कारंज्यावर असतात तशी ठोक-किरकोळ दुकानं, गिऱ्हाईक स्थानिक, भाव पाटीवर. मिरी हातात घेऊन बघा: जड, सुरकुतलेली, चोळल्यावर वास सुटणारी. वेलची हिरवीगार दिसली म्हणून हुरळू नका, दाणे काळे हवेत. नेंद्र केळ्याचे वेफर खोबरेल तेलात समोर तळून देतात. गरम पुडी गाडीत शिरायच्या आत निम्मी झाली.

सासूबाई एका दुकानात कुडमपुळीपुढे थांबल्या. माशाच्या कालवणातली ती आंबट चव याची. आपल्या कोकमाचंच भावंड, फक्त धुरावर वाळवल्यामुळे काळं. त्यांनी एक पाकळी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि अर्धा किलो बांधायला सांगितलं.

“आई, नाशिकला भद्रकालीत बर्फातला मासा मिळतो, त्यात एवढी कशी संपणार?” नवरा म्हणाला.

“वांग्यात घालीन,” सासूबाई म्हणाल्या, आणि दुकानदाराला वजन पुन्हा करायला लावलं.